खर्ऱ्याच्या ओळीत कुंकू

दिवाळी अंकाच्या संपादकांना मी आधीच सांगितलं होतं, दसऱ्याच्या आत माझ्याकडून काही लिहून मिळणार नाही. ते म्हणाले, भाऊ, छपाई अडेल. मी म्हटलं, अडू द्या. दसऱ्याला आमच्या कारखान्यात सभा असते. तिथं काय होतं ते पाहिल्याशिवाय माझ्या हातून अक्षर निघालं नसतं. आता सभा झाली, पाहिलं, म्हणून लिहायला बसलो. शिकलो मी थोडं. मी 'मले' लिहिलं तर हे लोक त्याचं 'मला' करणार, म्हणून मीच आपला 'मला' लिहून देतो. बोलणं मात्र जसं झालं तसंच ठेवा.

बसलो म्हटलं तरी बसवत नाही. एक पान होईस्तोवर चारदा उठलो. माझी बायको शेवंता ज्येष्ठात गेली. तेव्हापासून हे असंच. पोरगी गोंडपिपरीला दिली आहे, तिच्याकडे गेलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन स्टँडवर. ती म्हणे, "बाबा, घरी कोण आहे तुमची वाट पाहायले?" कोणी नव्हतं. तरी आलो. श्रावणात साळीच्या पोराकडे भामरागडला गेलो, तो तिथं आश्रमशाळेत मास्तर आहे. गेलो आणि नदी चढली, रस्ता बंद. आता निघायचं म्हटलं तरी निघता येईना. माझ्या पिशवीत एक बारीक कानस नेहमी असते. तिथं बसल्या बसल्या मी त्यांच्या घरातल्या डब्यांची झाकणं, कढईचे कान, दाराच्या कड्या, जिथं म्हणून कड हाताला लागत होती ती सगळी घासून गुळगुळीत केली. त्याची बायको शेवटी म्हणाली, "मावसाजी, झाऱ्याले तरी सोडा. त्याची छिद्रं बुजतीन."

हाच माझा धंदा होता. मशीनवर धातू कापला की कडेला धानाच्या कुसासारखं बारीक काही तरी उभं राहतं. दिसत नाही, नखाला लागतं. त्याला आम्ही 'बर' म्हणतो. ती काढायची, पण कड गोल होऊ द्यायची नाही. कमी घासलं तरी माल परत, जास्त घासलं तरी परत. पहिल्या दिवशी घरी येऊन मी शेवंताला सांगितलं की दिवसभर बर काढली. ती म्हणाली, "मंग आता रोज तुमचं बरंच चालन." ती असंच बोलायची. सरळ उत्तर तिला देताच येत नव्हतं.

चंद्रपुरात बसून विमानाचं काय करता, असं मला पुष्कळ जणांनी विचारलं. नातेवाईक तर मी विमान चालवतो असं सोयरिकीत सांगायचे. गोष्ट साधी आहे. आमचे बडे मिस्त्री, म्हणजे जुने मालक, लेथवर राईस मिलचे शाफ्ट आणि आरामशीनचे पार्ट करायचे. पोंभुर्ण्याकडचे मिलवाले तुटका शाफ्ट बैलबंडीत, नंतर टेम्पोत टाकून आणायचे. पार्ट होईपर्यंत तिथंच झोपायचे आणि दर घंट्याला उठून विचारायचे, "झालं का गा?" एकाने तर लेथजवळ अंथरूण घातलं होतं. बड्या मिस्त्रींचा मुलगा रशीदभाई नागपूरला शिकून आला. त्याने धंदा फिरवला. कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या विमानाच्या इंजिनात बसणारी एक रिंग करायला घेतली. बाईच्या हातातल्या बांगडीएवढी रिंग. इंजिनात ती अशी तापते की लाल व्हावी, आणि तशीच तापलेली तासन्‌तास राहते. तिच्या कडेला माझी कानस.

नवे गिऱ्हाईक राईस मिलवाल्यांपेक्षा विचित्र. ते अंथरूण आणत नाहीत, पण जेवणाच्या ताटातलं मीठसुद्धा तपासतात. एक साहेब आला होता, तो आमच्या खिडकीची जाळी बोटाने चाचपून पाहत होता. येणाऱ्या प्रत्येकाला संध्याकाळी वाघ पाहायचा असतो. रशीदभाई एकदा सभेत म्हणाले होते, "माल अच्छा बनाना अपने हात में है. शेर दिखाना नाही."

ही सभा म्हणजे आमची वर्षाची बैठक. मोठ्या कंपन्या पुस्तक छापतात, आमच्याकडे दसऱ्याची पूजा झाली की शेडमध्ये सतरंजी टाकून चिवडा-पेढे वाटतात. मालक मुसलमान, तरी पूजा बड्या मिस्त्रींच्या वेळेपासून चालत आलेली. कामगारांनी मांडायची, मालकाने नारळ आणायचा. मग मालक उभं राहून सांगतात की गेल्या वर्षी काय झालं, काय बिघडलं, पुढच्या वर्षी काय करायचं. मोजमापाची खोली थंड करायची, परत येणारा माल कमी करायचा, असं. ते झालं की प्रत्येक माणसाला विचारतात, "तू क्या करेगा इस साल?" स्टोअरचा गजानन दरसाल सांगायचा, "खर्रा सोडतो." बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून मिळतो तो खर्रा. आमच्याकडे भाकरीवाचून माणूस राहील. गजाननचं ते काम आजपर्यंत बाकी आहे.

माझंही एक काम दरसाल बाकी राहायचं. ते का, ते सांगतो.

ज्या वर्षी रिंगचा पहिला लॉट पाठवायचा होता, त्या वर्षी कंपनीपुढे काम एकच होतं. तो लॉट पास झाला तर आम्हाला कायमची मान्यता, नाही तर पुन्हा राईस मिल. दसऱ्याला सगळ्या रिंगा तयार होऊन माझ्या टेबलावर ट्रेमध्ये होत्या, वर पांढरं कापड. दुसऱ्या दिवशी पॅकिंग. पूजेला बायकांना बोलावलेलं. शेवंता ताट घेऊन आली, नवं पातळ नेसून. मशीनला हळदकुंकू लावलं, माप घ्यायच्या व्हर्नियरला लावलं, माझ्या कानशींना लावलं. मी तिकडे नारळ फोडायला गेलो. ती इकडे कापड उचलून पाहते तो काय, ट्रेभर बांगड्या. घरी वर्षभर जिच्याबद्दल ऐकलं ती ही रिंग. तिने बोट बुडवलं आणि एकेक रिंगला कुंकू लावलं.

मी नारळाची वाटी घेऊन आलो तर ती उभीच. म्हणाली, "एकही सोडली नाई पाहा."

माझ्या तोंडून काही निघायच्या आधी आमचे क्वालिटीचे वैद्य साहेब आले. नागपूरचे, माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा पडला. इंग्रजीत काही तरी बोलले, एकच शब्द दोनदा. शेवंताने गजाननला विचारलं, "काय म्हणते ते?"

गजानन म्हणाला, "घाण झालं म्हणते, वैनी."

तिने ताट खाली ठेवलं. पदर घेऊन रिंगा पुसायला लागली. मी तिचा हात धरला, कारण पुसल्याने आणखीच पसरत होतं. हात धरला तो जरा जोरात धरला असेन. सगळे पाहत होते. तिने ताट उचललं, आणि एकटीच ऑटो करून घरी गेली.

त्यात बिघडलं काय, ते वैद्य साहेबांनी आम्हाला नंतर नीट समजावलं. बाजारातल्या कुंकवात, शेंदरात शिसं असू शकतं, आणखी काय काय असतं. थंड असताना काही होत नाही. पण इंजिनात रिंग तापली की ते धातूच्या पोटात शिरतं आणि आतून तडा जातो. पेन्सिलची रेघही आम्ही त्या रिंगवर ओढत नाही, तिथं कुंकू. गजानन म्हणाला, "धुऊन टाका ना साहेब. कोणाले समजते?"

रशीदभाई म्हणाले, "मेरे को समजता है ना."

त्यांनी गिऱ्हाईकाला जसं झालं तसं कळवलं. तिकडून उत्तर आलं, हा लॉट मोडीत काढा. तो धातू असा बाजारात जाऊन मिळत नाही, तिकडूनच यावा लागतो. तो येईपर्यंत वर्ष निघून गेलं. मान्यता पुढच्या साली मिळाली, पण मधलं वर्ष आम्ही पुन्हा शाफ्टवर काढलं आणि दोन चांगले मशीनवाले कंटाळून बुटीबोरीच्या कारखान्यांत निघून गेले. रशीदभाईंनी त्याबद्दल मला शब्दाने दुखवलं नाही. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "भाऊ, भाभी को आप समझाव. मैं बोलूंगा तो लोग कुछ और समझेंगे. मामला कुंकू का है."

घरी मी समजावलं. शिसं सांगितलं, तडा सांगितला, वरून विमान पडतं तेही सांगितलं. तिने सगळं ऐकलं. ती अडाणी नव्हती, हे लक्षात ठेवा. म्हणाली, "नाई सोसत तर नाई सोसत. लहान लेकराले तिखट सोसत नाई, म्हणून आपण तिखटाले घाण म्हणतो का? तुमच्या त्या धातूले माझं कुंकू सोसत नाई, असं म्हणावं ना."

"ते इंग्रजीत बोलले वं. गजाननने तसं सांगतलं."

"आणि तुम्ही?"



त्यानंतर आतल्या दारावर पाटी लागली. वैद्य साहेबांनी चांगल्या अक्षरात रंगवून घेतली. वर 'अस्वच्छ पदार्थ आत नेण्यास सक्त मनाई', आणि खाली एका ओळीत खर्रा, तंबाखू, बिडी, कुंकू, शेंदूर. पुढच्या दसऱ्याला मी घरी म्हटलं, चल. तिला पाटीचं कोणी तरी सांगितलं होतं. म्हणाली, "मी येऊन कुठी बसू? खर्ऱ्याच्या बाजूले?"

त्या सभेत रशीदभाईंनी मला विचारलं, "भाऊ, आपका काम?" मी म्हटलं, "बायकोले पूजेले घेऊन येतो पुढच्या साली." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच सांगितलं. मग ती रीतच पडली. कंपनीत मोठं मशीन आलं, धूळ येऊ नये म्हणून दुहेरी दारं झाली, आमच्या रिंगा कुठल्या कुठल्या देशांवरून उडायला लागल्या, आणि गजाननचा खर्रा व माझी बायको, ही दोन कामं पुढच्या सालावर जात राहिली. मी रिटायर झालो तरी दसऱ्याला बोलावणं यायचं आणि काम तेच राहायचं. लोकांना ते ऐकल्याशिवाय पेढा गोड लागत नसे.

दरसाल घरून निघताना ती विचारायची, "पाटी आहे का अजून?"

"आहे."

"मंग जा तुम्ही. लवकर येजा."

तिला काय पाहिजे ते ती एवढं सरळ सांगत होती, आणि मी तिला साडी घेऊन दे, पोरीकडून सांगून पाहा, रशीदभाईंच्या बायकोला घरी बोलावून पाहा, असे सतरा उपाय केले. रशीदभाईंची बायको आली, दोघी दुपारभर गप्पा मारत बसल्या, लोणच्याची देवाणघेवाण झाली. जायचं नाव नाही. पाटीचं माझ्या डोक्यातच येईना. पाटी कंपनीची, तिच्यावर साहेबांची सही. बाहेरून तपासायला येणारे लोक ती पाटी वाचून मान हलवतात. ती आपण बदलायची असते हे माझ्यासारख्या माणसाला सुचत नाही. ज्याच्या हातात कानस देतात त्याला वाटतं, दिलेली कड तेवढी आपली.

गेल्या दसऱ्याला ती आजारी होती. तेव्हाही विचारलं, पाटी आहे का. नागपूरला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. दवाखान्याबद्दल मला इथं काही लिहायचं नाही.

या दसऱ्याला जाऊ की नको, हे मी आठ दिवस करत होतो. सकाळी ठरवायचं जायचं नाही, दुपारी शर्टाला इस्त्री करून आणायची. शेवटी पूजा होऊन गेल्यावर पोचलो. सतरंजीवर मागे बसलो.

रशीदभाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. त्यांनी वर्षाचं सांगितलं. नवं मशीन बसलं, एकाच वेळी पाच बाजूंनी कापतं. दुसऱ्या मापाच्या रिंगची ऑर्डर मिळाली. एक ऑर्डर हातची गेली, कारण माल वेळेवर धुऊन निघाला नाही, म्हणून येत्या वर्षात धुण्याची वेगळी खोली बांधायची. आतापर्यंत एकाच गिऱ्हाईकावर चाललं, आता दुसरा शोधायचा. तपासणीला मुली घेतल्या, त्यांचं काम चांगलं आहे, आणखी घ्यायच्या. मी मान हलवत होतो. ऐकायला बरं वाटत होतं, आणि बसवतही नव्हतं.

मग एकेकाला विचारणं सुरू झालं. गजाननने यंदाही खर्रा सोडला. लोक हसले. पुढची पाळी माझी. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पलीकडच्या माणसाला विचारलं, "तेरा क्या?"

त्यांनी चांगुलपणाने केलं, मला कळतं. पण मला ते सहन झालं नाही. मी उभा राहिलो.

"रशीदभाई, माझी पाळी राह्यली."

"बैठो भाऊ. आपको क्या पूछना."

"काऊन? मी मेलो का? माझं काम बाकी आहे. आता ते होत नाई, तर काढून टाका. दुसरं सांगतो."

शेडमध्ये कोणी चिवडासुद्धा चावेना.

"आतल्या दारावरची पाटी बदला," मी म्हटलं.

वैद्य साहेब समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "पाटीला काय झालं भाऊ?"

"पाटीले काई नाई झालं. वरच्या शब्दाले झालं. कुंकू अस्वच्छ नाई."

"अहो, पण ते आत नेता येत नाही. तुम्हीच तर पोरांना शिकवलंत."

"नेऊच नाई पाह्यजे. मी कुठी म्हणतो न्या म्हणून? खर्ऱ्याच्या ओळीतून काढा, एवढंच म्हणून राह्यलो."

"ती पाटी मंजूर केलेली आहे. बदलायची म्हणजे पुन्हा सगळं..."

"मंग करा सगळं. पाच बाजूंनी कापणारं मशीन आणलं तुम्ही, एक शब्द आणायले काय लागते?"

कोणी तरी हसलं, पण अर्धवट. वैद्य साहेब म्हणाले, "हे आजच का काढलं? इतकी वर्षं कोणाची तक्रार नाही."

"होती तक्रार. तुम्ही घाण म्हटलं होतं."

"मी? कधी?"

त्यांना तो दसरा आठवत होता. रिंगा आठवत होत्या, ट्रे आठवत होता, गिऱ्हाईकाला काय कळवलं तेही आठवत होतं. पण तो शब्द त्यांच्या गावीही नव्हता. ते खरंच माझ्याकडे पाहत राहिले. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

मागून गजानन बोलला. "तसं साहेबांनी नाई म्हटलं भाऊ. ते इंग्रजीत बोलले. घाण मी म्हटलं. मले दुसरा शब्दच सुचला नाई."

त्याच्या गालात खर्रा होता, तो गिळावा की थुंकावा हे त्याला समजत नव्हतं. शेवटी तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

वैद्य साहेबांनी खिशातून पेन काढलं. "काय लिहू, सांगा भाऊ. तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "लिहा की या धातूले ते सोसत नाई."

रशीदभाई म्हणाले, "लिखो वैद्य साहेब. नये साल का पहला काम." आणि त्यांनी पुढच्याला विचारलं, "तेरा क्या?"

मला वाटलं, सभेतलं बोलणं सभेत राहील. घरी करमत नव्हतंच, तिसऱ्या दिवशी सकाळी पाहायला गेलो. पाटी जुनीच. पुन्हा गेलो, तर पाटी नव्हतीच, भिंतीवर खिळे होते. वॉचमन म्हणाला, पेंटरकडे गेली. तिकडे पेंटरच्या दुकानावरून दोन चकरा मारल्या. त्याने मला ओळखलं आणि म्हणाला, "काका, रंग वाळू द्या."

काल लागली. वर खर्रा, तंबाखू, बिडी आत नेण्यास मनाई. मग जागा सोडली आहे. खाली वेगळ्या रंगात लिहिलं आहे, 'कुंकू, हळद, शेंदूर कृपया बाहेरच्या कोनाड्यात ठेवावे. या धातूला ते सोसत नाही.' बाजूला भिंतीत कोनाडा केला आहे, सिमेंट अजून ओलं आहे.

मी तिथं उभा होतो. तपासणीवर नवीन लागलेली पोरगी प्रणाली आली, पोंभुर्ण्याची आहे. चप्पल काढता काढता म्हणाली, "काका, काय पाहून राह्यले?"

"वाचून राह्यलो."

"एवढा वेळ? मी चहा घ्यायले गेली तेव्हाही इथीच होते तुम्ही."

"मले वाचायले वेळ लागते."

ती आत गेली. मी पुन्हा वरच्या ओळीपासून धरलं.